दौलतभाऊंच्या घरची मॅच

दौलतभाऊ रामटेके पहिल्यांदा आमच्या क्वार्टरवर आले तेव्हा त्यांनी दारावर टकटक केलं. मी दार उघडलं. ते आत आले नाहीत आणि टकटकही थांबवली नाही. उघडलेल्या फळीवर खालपासून वरपर्यंत बोटांच्या पेरांनी वाजवत गेले, मधे एका जागी दोनदा वाजवलं, कान लावला आणि म्हणाले, "इथी पोकळ हाये. पावसाळ्याच्या आत बदलून घ्या जी." मग हात जोडून नाव सांगितलं आणि गेले. शेजारी नवे लोक राहायला आले म्हणून ते भेटायला आले होते. ती भेट झाली.

मी कराडकडची. सातवीत शाळा सुटली. पुढे लग्न झालं आणि आमच्या ह्यांना वनखात्याच्या ट्रकवर ड्रायव्हरची नोकरी लागली ती थेट चंद्रपूर जिल्ह्यात. चंद्रपूरपासून बसने तासाभरावर लाकडाचा डेपो होता. अहेरीकडच्या जंगलातून सागाचे ओंडके ट्रक भरभरून यायचे, इथे मोजले जायचे, त्यांच्या थप्प्या लागायच्या आणि मग लिलाव. डेपोला लागून क्वार्टरच्या दोन ओळी. वरच्या ओळीत ऑफिसातली माणसं, खालच्या ओळीत आम्ही बाकीचे. हे ट्रक घेऊन गेले की चार-चार दिवस येत नसत. मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटायची. जंगलाची, साहेबांची, आणि इथल्या बोलण्याचीसुद्धा. कुणी "काऊन वो?" म्हटलं तरी मला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं.

पहिल्याच पावसाळ्यात मला थंडीताप आला. हे अहेरीला, पूल पाण्याखाली. सासूबाईंचं पत्र आलं होतं की परमुलखात कुणाच्याही हातचं काही खाऊ नकोस. ते पत्र मला तोंडपाठ होतं. दौलतभाऊंच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, तांदळाची पेज आणली. ती मी सहा दिवस प्याले. दौलतभाऊ तीन कोस चालून कंपाउंडरला घेऊन आले, आणि त्याने सुई दिल्यावर बाहेरच्या पायरीवर बसून राहिले, ताप उतरेपर्यंत. आत आले नाहीत. सासूबाईंना मी उत्तरात एवढंच लिहिलं की आता बरी आहे.

डेपोत दौलतभाऊंचं काम लाकूड मोजायचं. ओंडका उतरला की फीत टाकून गोलाई घ्यायची, लांबी घ्यायची, बुडावर खडूने नंबर घालायचा, खात्याच्या हातोड्याने शिक्का ठोकायचा. एकवीस वर्षं हेच. त्यामुळे कानावर कायम निळ्या खडूचा तुकडा. घरातल्या प्रत्येक वस्तूवर नंबर. तांब्या तीन, परात सात, उखळ अकरा. गिलासांवर तर खिळ्याने कोरून 'दौ. रा.' आणि खाली आकडा. कोंबड्यांवर खडू चालत नसे, म्हणून त्यांचे नंबर त्यांनी नुसते पाठ केले होते.

"आधी फीत टाका, मंग बोला" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी म्हणालं यंदा ऊन फार आहे, कुणी म्हणालं नवा मास्तर चांगला आहे, की दौलतभाऊ हे वाक्य मधे ठेवायचे आणि बोलणं तिथेच थांबायचं. हे वाक्य ते स्वतःलाही लावत. एकदा लिलावाच्या आदल्या दिवशी त्यांनी एक मोठा ओंडका वाजवून पाहिला आणि 'आतून पोकळ' असं लिहिलं. ठेकेदाराने तो पडत्या भावात घेतला आणि लिलाव चालू असतानाच तिथल्या आरागिरणीवर चिरला. आत बोटभरसुद्धा पोकळी नव्हती. ठेकेदार खूश, गप्प. कुणाला काही कळलं नसतं. दौलतभाऊ भर लिलावात उभे राहिले.

"साहेब, त्या ओंडक्यात मी चुकलो. लाकूड भरीव निंगालं. लिहून घ्या."

रेंजर साहेबांनी खाली बसायची खूण केली. लिहून घेईपर्यंत दौलतभाऊ बसले नाहीत. पुढे आठवडाभर रोज सकाळी त्या ओंडक्याच्या उरलेल्या बुंध्यापाशी जाऊन ते वाजवायचे आणि ऐकायचे. वच्छलाबाई म्हणायच्या, "जाऊ द्या ना आता."

"ऐकू दे. याचा आवाज मले फसवते."

दीक्षेच्या वर्षी बापाचं बोट धरून ते नागपूरला गेले होते. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. घरात पुढच्या खोलीत दोन फोटो होते, एक बुद्धाचा आणि एक निळ्या कोटातला. तेवढ्या दोन फोटोंना नंबर नव्हते.

त्या एकवीस वर्षांत वरच्या ओळीतल्या एकाही माणसाने त्यांच्या घरी पाण्याचा घोट घेतला नव्हता. भांडण कुणाशीच नव्हतं. कामापुरते दारापर्यंत सगळे यायचे. "बसा ना जी" म्हटलं की म्हणायचे, घाई आहे. इतकी घाई असलेली माणसं मी पुढे कुठल्याही गावात पाहिली नाहीत.

वरच्या ओळीत रेंजर साहेबांकडे टीव्ही होता. डेपोतला एकमेव. रविवारी वरच्या ओळीतली माणसं आत सतरंजीवर बसायची, आमच्यासारखी दाराशी, आणि दौलतभाऊ खिडकीबाहेर उभे. त्यांना कुणी बाहेर उभं राहा म्हटल्याचं मी ऐकलं नाही. आत या म्हटल्याचंही ऐकलं नाही. एकदा मी विचारलं, "भाऊ, तिथून काय दिसतं?"

"अर्धा टीव्ही दिसते," ते म्हणाले. "बाकी अर्ध्यात मच्छर."

सत्त्याऐंशी साली क्रिकेटचा विश्वचषक आपल्याकडे होता, आणि नेमके त्याच्या तोंडावर रेंजर साहेब बदलून गेले. टीव्हीही त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये गेला. नवे साहेब अजून हजर व्हायचे होते. डेपोवर सुतक आल्यासारखं झालं. सगळ्यात जास्त लागलं ते बडे बाबूंना. बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क, साहेब नसताना डेपोचे मालकच. देवपूजा, सोवळंओवळं आणि क्रिकेट या तीन गोष्टींत त्यांना हयगय चालत नसे. कामाच्या वेळी रेडिओ कानाला असायचा, आणि सहीसाठी गेलेल्या माणसाला ओव्हर संपेपर्यंत उभं राहावं लागे.

एका शुक्रवारी दौलतभाऊ रजा टाकून चंद्रपूरला गेले आणि संध्याकाळच्या बसने टीव्ही घेऊन आले. आमचे हे त्याच बसमध्ये होते. कंडक्टर म्हणाला, खोकं टपावर टाका.

"टपावर लाकूड जाते जी. हे काच हाये," असं म्हणून दौलतभाऊंनी खोकं सीटवर ठेवलं आणि स्वतः शेजारी बसले.

"मंग तिकीट काढा त्याचं!"

"हाफ द्या."

"हाफ? कितवीत हाये?"

"नवा हाये. आजच घेतला."

कंडक्टरने हात टेकले आणि खरोखर हाफ तिकीट फाडून दिलं. मूल गावापर्यंत उभ्याने आलेल्या एका बाईने खोक्याकडे फार वाईट नजरेने पाहिलं, असं हे सांगत होते.

अँटेनाला उंच बांबू लागणार होता. डेपोत बांबूचे ढीग पडलेले, एक उचलला असता तर कुणाला कळलंही नसतं. दौलतभाऊंनी रीतसर पावती करून एक बांबू घेतला आणि ती पावती प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांबूलाच बांधली. बांबू चढवल्यावर ती वीस फुटांवर गेली. तिथे ती कुणाला वाचता येणार नव्हती, पण मागितली तर हजर होती.

क्रिकेट त्यांना येत नव्हतं. कबड्डी कळायची. आमच्या ह्यांनी काड्यापेटीच्या काड्या मांडून दोन संध्याकाळी त्यांना खेळ समजावला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच शंका विचारली.

"बॅट कोणत्या लाकडाची?"

"एक हलकं लाकूड असतं, भाऊ. परदेशी."

"सागाची काऊन नाई करत?"

"जड होईल ना उचलायला."

दौलतभाऊंनी एक काडी उचलून बोटांनी वाकवून पाहिली. "म्हंजे ताकद कमी हाये त्याइची," म्हणाले. तेव्हापासून क्रिकेटवाल्यांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं.

भारत उपांत्य फेरीत गेला. मॅच मुंबईला, इंग्लंडशी. मंगळवारी संध्याकाळी दौलतभाऊ धुतलेला सदरा घालून दोन्ही ओळींतल्या अकरा घरांत आमंत्रण देऊन आले. प्रत्येक दारात तेच बोलले: "गुरुवारी आमच्या घरी मॅच हाये. सहकुटुंब या. चहा-फराळ हाये." शेवटच्या तीन शब्दांपाशी थोडे थांबायचे. बडे बाबू "पाहू" म्हणाले.

घरी येऊन दौलतभाऊ हे सांगत होते आणि वच्छलाबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. मीही होते.

"येतीन," त्या म्हणाल्या. "टीव्ही पाहाले सारेच येतीन. पाणी कोण पेते ते सांगा."

"आधी फीत टाका, मंग—"

"टाकली. एकवीस वर्स झाले, फीतच टाकून राह्यली मी."

दौलतभाऊंनी कानावरचा खडू काढला, पाहिला आणि परत कानावर ठेवला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, माझ्याकडे नवे स्टीलचे गिलास आहेत, आहेरातले. ते आणते. वरच्या ओळीतल्यांना आमच्याकडचं चालतं. ते गिलास बघून घेतील." मला वाटलं मी फार हुशारीचं बोलले.

"नाई जी," दौलतभाऊ म्हणाले. रागावले नव्हते. "तुमच्या गिलासात पेले तं तुमच्या घरी पेले. आमच्या घरी कुठी पेले?"

मग तयारी सुरू झाली. खाट मोडून बाहेर कडुलिंबाखाली. धान्याची कोठी मागच्या पडवीत. भिंतींना चुना. टीव्ही ठेवला तो दोन फोटोंच्या बरोबर खाली. खालच्या ओळीतल्या एका वनरक्षकाने हळूच सुचवलं की भाऊ, फोटो एका दिवसापुरते आतल्या खोलीत न्या, उगाच वरच्या लोकांना अवघड.

"तेवढी एकच भिंत ओळंब्यात सरळ हाये," दौलतभाऊ म्हणाले. मग आमच्या ह्यांना जमिनीवर बसवून डोळ्याची उंची घेतली आणि टीव्ही आणखी दोन बोटं वर चढवला. आता टीव्ही पाहणाऱ्याची मान फोटोंपर्यंत आपोआप जात होती.

त्यानंतर त्यांनी खोली मोजली. बारा बाय दहा. माणसं चाळीस. डेपोतल्या थप्पीचा नियम असा की आखूड माल पुढे, लांब माल मागे, जाड माल कडेला. डेपोतल्या प्रत्येक माणसाची उंची आणि रुंदी दौलतभाऊंना नजरेने ठाऊक होती. बुधवारी दुपारी त्यांनी फरशीवर निळ्या खडूने चाळीस चौकोन आखले आणि प्रत्येकात नंबर घातला. सगळे चौकोन सारखे नव्हते. कुठली यादी कुठे लावलेली नव्हती. कुणाचा चौकोन कुठला ते त्यांच्या डोक्यात होतं.

वच्छलाबाईंनी मुरमुऱ्याचा चिवडा दोन पिंपं केला. आलूबोंड्यांची भाजी गुरुवारी पहाटे. नवा माठ आणून बुधवारीच भरून ठेवला. दौ. रा. एक ते दौ. रा. चाळीस, सगळे गिलास राखेने घासले. मी विसळत होते. बत्तिसाव्या गिलासाला म्हणाल्या, "पोरी, फराळ उरला तं तुयाकडे पाठवते." उरणार हे त्यांनी धरलंच होतं.

गुरुवारी सकाळी ऑफिसात पोटदुखीच्या रजेचे नऊ अर्ज आले. बडे बाबूंनी ते मंजूर केले आणि दहावा स्वतःचा लिहिला.

साडेआठपासून माणसं यायला लागली. आधी खालची ओळ. दौलतभाऊ दारात उभे राहून एकेकाला नंबर सांगत होते. चपलांवरही खडूने तोच नंबर. मग वरची ओळ आली. आली खरोखर. टायपिस्ट, जमाखर्चाचे बाबू, वनपाल आणि त्यांच्या मिसेस. वनपालबाई धिप्पाड होत्या. त्या एकोणतीस नंबरमध्ये बसल्या, डावीउजवीकडचे चौकोन पाहिले आणि विचारलं, "रामटेके, माहाच डबा मोठा काऊन?"

"गोलाई पाहून लावला जी."

टायपिस्ट तोंडात रुमाल घालून भिंतीकडे वळला. वनपालबाई जरा वेळ रागावून बसल्या, पण ऐसपैस बसल्या.

सगळ्यात शेवटी बडे बाबू. एका हाताखाली गुंडाळलेलं स्वतःचं आसन, दुसऱ्या हातात थर्मास. दौलतभाऊंनी त्यांना पुढून तिसऱ्या रांगेतला मधला चौकोन दिला होता, खोलीतला सगळ्यात चांगला. बडे बाबूंनी त्यात आसन अंथरलं. ते चारी बाजूंनी बरोबर बसलं. थर्मास मांडीशी ठेवला. दोन फोटो सोडले तर नंबर नसलेल्या वस्तू त्या खोलीत एवढ्याच होत्या, आसन आणि थर्मास.

इंग्लंड आधी खेळायला आलं. त्यांचा एक गडी सकाळभर गुडघा टेकून अंगण झाडल्यासारखी बॅट फिरवत होता आणि चेंडू जात होता. आपले बोलर टाकत होते तेच तो झाडत होता. दौलतभाऊ टीव्हीशेजारी उभे, मधूनमधून बाहेर जाऊन बांबू फिरवून येत. बराच वेळ पाहून म्हणाले, "तो झाडून राह्यला तं हे लोक कचरा तिथीच काऊन टाकते?"

"रामटेके, चूप!" बडे बाबू ओरडले. पण मागून कुणीतरी म्हणालं, बरोबर बोलले भाऊ.

पहिला ट्रे घेऊन वच्छलाबाई आल्या. खालच्या ओळीने घेतलं. टायपिस्टने घेतलं, पोरगा चंद्रपूरचा होता, त्याने दोनदा घेतलं. मग वरच्या ओळीतल्या बाकीच्यांपाशी ट्रे आला. जमाखर्चाचे बाबू म्हणाले, आत्ताच घेऊन आलो. वनपाल म्हणाले, आज गुरुवार, उपास. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, आमचा दोघांचाही. त्यांच्यामागे आणखी दोघांना आठवलं की गुरुवार आहे. वच्छलाबाई प्रत्येकापुढे ट्रे धरायच्या, उत्तर ऐकायच्या, पुढे सरकायच्या. बडे बाबूंपुढे धरला तेव्हा त्यांनी थर्मासवर हात ठेवला. वच्छलाबाई आत आल्या आणि ट्रे माझ्यापुढे ठेवला. मी दोन आलूबोंडे खाल्ले. मला भूक नव्हती.

दुपारून आपली बॅटिंग आली. सुरुवात वाईट झाली, मग सावरलं, मग कप्तान उभा राहिला आणि मारायला लागला. खोलीतला एकेक माणूस आपापल्या चौकोनात गुडघ्यांवर आला. वनपालबाईंनी शेजारच्या पोराचा खांदा धरून ठेवला होता, तो पोर कळवळत होता. बडे बाबूंचा थर्मास केव्हाच संपलेला. त्यांनी झाकणात ओतून पाहिलं, थेंब आला नाही. डोळे टीव्हीवर होते. डावा हात तसाच फरशीवर चाचपडत राहिला. शेजारच्या टायपिस्टने घेऊन ठेवलेला पाण्याचा भरलेला गिलास हाताला लागला. बडे बाबूंनी तो उचलला आणि ओठांपाशी नेला.

मी आतल्या दारातून पाहत होते. वच्छलाबाई माझ्याशेजारी होत्या. त्यांनी माझा हात धरला तो इतका जोरात की बांगडी रुतली.

"बडे बाबू," दौलतभाऊ म्हणाले.

आवाज चढवला नव्हता. ओंडक्याची गोलाई सांगावी तसा आवाज.

"गिलास पाहा जी. आमच्या घरचा हाये."

बडे बाबूंचा हात थांबला. त्यांनी टीव्हीवरची नजर काढून गिलासाकडे पाहिलं. दौ. रा. आणि खाली आकडा. त्याच क्षणी कप्तानाने उंच मारला, झेलबाद झाला आणि खोलीतली बाकीची माणसं एकदम ओरडली. ती विकेट पडताना चार माणसांनी पाहिली नाही. बडे बाबूंनी, दौलतभाऊंनी, माझा हात धरलेल्या वच्छलाबाईंनी आणि मी.

बडे बाबूंनी गिलास खाली ठेवला. सांडू न देता ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते.

पुढे भारत हरला. लोक तिरडी पोचवून आल्यासारखे उठले, आपापल्या नंबरच्या चपला घालून गेले. बडे बाबूंनी आसन गुंडाळलं आणि निघून गेले.

खोली रिकामी झाल्याबरोबर वच्छलाबाई बाहेर आल्या.

"पेत होता ना तो! तोंडाले लागला होता गिलास! काऊन टोकलं तुमी?"

दौलतभाऊ टीव्हीवर कापड घालत होते.

"पेत नोता तो. मॅच पाहून राह्यला होता."

"पोटात तं गेलं असतं!"

"गेलं असतं. उद्या म्हणला असता, मले मालूम नोतं." कापडाची चारी टोकं त्यांनी सारखी केली. "मंग काय केलं असतं आपण?"

वच्छलाबाई जमिनीवर बसल्या, एकोणतीस नंबरमध्येच, आणि पदराने तोंड पुसलं. चिवड्याचं एक अख्खं पिंप शिल्लक होतं. त्यांनी मला पाठवलं नाही, मीही मागितलं नाही.

पुढचे दोन दिवस मी जिवात जीव नसल्यासारखी होते. ओळीत बोलणं चाललं होतं की रामटेकेने बडे बाबूंचा भर घरात अपमान केला. आमच्या ह्यांच्या ट्रकची ड्युटी बडे बाबूच लावत. मला वाटे, आता रामटेक्यांना कुठेतरी आत भामरागडकडे टाकतील आणि शेजार म्हणून आम्हालाही. हे मला म्हणाले, तू उगाच घाबरतेस. पण हेही दोन दिवस बडे बाबूंच्या समोरून गेले नाहीत. दौलतभाऊ मात्र रोजच्यासारखे डेपोत गेले, मोजलं, शिक्के ठोकले आणि मोजलेलं बडे बाबूंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. बडे बाबूंनी वर न बघता सह्या केल्या. रेडिओ बंद होता.

रविवारी शेवटची मॅच. त्यात भारत नव्हताच. दोन परदेशी संघ, त्यांच्याशी कुणाला काय. सकाळी मी पाहते तर दौलतभाऊंनी खाट मोडून परत कडुलिंबाखाली आणली होती.

"कोण येते आता?" वच्छलाबाई आतून म्हणत होत्या. "तमाशा झाला एकदा, पुरे झाला ना!"

"मॅच हाये," दौलतभाऊ म्हणाले. "कोणी आला तं आला, नाई तं मी पाहातो."

अकरापर्यंत खालच्या ओळीतली तीन-चार पोरं येऊन बघून गेली. आपले लोक नाहीत म्हटल्यावर त्यांना कंटाळा आला. बारा वाजता वच्छलाबाईंकडची चाळणी परत द्यायला मी मागच्या दाराने गेले. त्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

पुढच्या खोलीत बडे बाबू उभे होते. एकटे. हात रिकामे. पायात चपला नव्हत्या, बाहेर काढून आले होते.

"कोणाकोणाची हाये?" त्यांनी टीव्हीकडे बघत विचारलं. त्या माणसाला क्रिकेटमधलं हे ठाऊक नाही, हे डेपोतल्या कोंबड्यांनाही पटलं नसतं.

दौलतभाऊंनी नावं सांगितली. "आपलं कोणी नाई," म्हणाले.

"मंग बरं. जीवाले तरास नाई."

बडे बाबू बसले. फरशीवरच, काही न अंथरता. दौलतभाऊ उभेच. टीव्हीवर कुणीतरी चौकार मारला. एक ओव्हर तशीच गेली. वच्छलाबाईंच्या बोटांत एक तांदळाचा दाणा होता, तो त्यांनी केव्हाचा धरून ठेवला होता.

"रामटेके," बडे बाबू म्हणाले. घसा खाकरला. "पाणी द्या."

वच्छलाबाई उठल्या. गिलास भरून पुढे गेल्या, दोन पावलं अलीकडे थांबल्या आणि तिथूनच हात लांब केला, एकवीस वर्षांच्या सवयीने. बडे बाबूंनी पुढे वाकून तो घेतला. हातात फिरवून सगळीकडून पाहिला, अक्षरं वाचली, आकडा वाचला. मग प्याले. घटाघट नाही, सावकाश, तळापर्यंत. रिकामा गिलास फरशीवर ठेवला आणि म्हणाले, "चहा बी ठेवा. साखर कमी."

"ठेवते जी," वच्छलाबाई म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा होता. मागे आल्या त्या मात्र चुलीकडे जायच्या ऐवजी पाणी भरायच्या मोरीकडे गेल्या आणि तिथून परत फिरल्या.

महिन्याभरात आमची बदली अहेरीला झाली. त्यानंतर दौलतभाऊंची पत्रं यायची, प्रत्येकावर नंबर. भेट मात्र झाली नाही. निघायच्या गडबडीत त्यांचा निरोप कसा घेतला ते आता नीटसं आठवतही नाही. माझ्या डोळ्यांपुढे आहेत ते त्या रविवारचे दौलतभाऊ. चहा उकळायला लागल्यावर ते मागच्या दाराने पडवीत आले. आत मॅच चालू होती, बडे बाबू एकटेच बघत होते. दौलतभाऊ माझ्यासमोर येऊन थांबले. कानावरून खडू गळून पडला, त्यांनी तो उचलला नाही.

"काय पाहून राह्यल्या, बाई?" मला म्हणाले. "मॅच तिकडे हाये."

असं म्हणाले आणि स्वतः तिथेच उभे राहिले, चहा होईपर्यंत.